समुपदेशनाला येण्याआधी सोलापूरकर मला विचारतात ते प्रश्न

हे प्रश्न मी बसून तयार केलेले नाहीत. फोनवर, लग्नाच्या पंगतीत, लक्ष्मी मार्केटात भाजी घेताना आणि एकदा तर चालत्या रिक्षात लोकांनी विचारलेले आहेत. जमेल तितके त्यांच्याच शब्दांत ठेवलेत. उत्तरांतली माणसं म्हणजे कुणी एक व्यक्ती नव्हे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून, दोन-तिघांचं मिळून एक असं केलंय. तेव्हा "ही आमच्या गल्लीतलीच दिसते" असा अंदाज बांधू नका, चुकेल.

तुम्ही डॉक्टर आहात का?

नाही. मी समुपदेशक आहे. औषध लिहून देत नाही, देऊ शकतही नाही.

यात लोकांचा फार गोंधळ होतो, म्हणून एकदाच सांगते. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढे मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर. निदान आणि औषधं त्यांच्याकडे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्रीय चाचण्या आणि मानसोपचार करतात, त्यांना भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते. समुपदेशक माणसाला त्याच्या अडचणीबद्दल नीट विचार करायला, वागण्यात बदल करायला मदत करतो. गरज दिसली की मी पहिल्या दोघांकडे पाठवते. कधी कधी पहिल्याच भेटीत पाठवते आणि समोरच्याला वाटतं, बाईंनी कटवलं. कटवत नाही हो. ताप मोजून झाल्यावरसुद्धा "आधी गप्पा मारू" म्हणणारा माणूस तुम्हाला चालेल का?

नुसतं बोलून काय होणार? बोलायला आम्हाला मैत्रिणी आहेत की.

असतील तर फार चांगलं आहे. ज्यांना आहेत त्यांतल्या बऱ्याच जणींना माझी गरजच पडत नाही.

पण मैत्रीण तुमच्या बाजूची असते. ती म्हणते, "सासू तसलीच आहे तुझी, सोडून दे." तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि बुधवारी पुन्हा तेच. माझ्याकडे बोलणं हे काम असतं. डोक्यात विचार गोल फिरत राहतो, त्याला सुरुवात नसते, शेवट नसतो. तोच मोठ्याने, अनोळखी माणसाला समजेल असा सांगायचा झाला की त्याची वाक्यं करावी लागतात, आणि वाक्य झालं की त्यातली गफलत सांगणाऱ्यालाच ऐकू येते. "माझं कुणीच ऐकत नाही" असं म्हणून झाल्यावर बाई स्वतःच थांबते आणि म्हणते, "म्हणजे, थोरला ऐकतो." तिथून आमचं काम सुरू होतं.

तुम्ही या कामात कशा काय आलात?

याचं उत्तर जरा लांबेल.

मी गिरणी कामगाराच्या घरातली. वडील विणाई खात्यात होते. आमच्या चाळीत घड्याळापेक्षा भोंग्यावर जास्त भरवसा. मी आठवीत असताना त्यांची गिरणी बंद पडली. आज उघडेल, उद्या उघडेल म्हणत दोन वर्षं गेली आणि मग कुणी तसं म्हणायचंही बंद केलं. वडिलांनी आरडाओरडा केला नाही, दारू धरली नाही. ते फक्त गप्प झाले. ओट्यावर बसायचे. घरात नवा टॉवेल आला, कुणी चादर आणली, तर त्याच्या काठावरून अंगठा फिरवून पाहायचे, दोष सापडला तरी बोलायचे नाहीत. जेवण अर्ध्यावर आलं. पहाटे तीनला उठून बसायचे. आई सगळ्यांना सांगायची, "ते थकलेत." डॉक्टरांनी शक्तीची इंजेक्शनं दिली, पित्ताच्या गोळ्या दिल्या. नातेवाईक म्हणायचे, किती सहनशील माणूस आहे बघा. नऊ वर्षं आम्ही सगळे त्या गप्प बसण्याला सहनशक्ती समजत होतो.

मी शिक्षिका झाले आणि चौदा वर्षं माध्यमिक शाळेत शिकवलं. तिथे एका मुलीचं दर सोमवारी पोट दुखायचं. ढोंग करते, असं शिक्षक खोलीत ठरलेलं. एकदा मधल्या सुट्टीत तिच्याजवळ बसले, काही न विचारता. दहा मिनिटांनी तिनेच सांगितलं की रविवारी आईचा विड्यांचा हजार पुरा करायचा असतो, पानं कापायला आणि दोरा बांधायला हीच, मग गृहपाठ राहतो आणि सोमवारी पहिल्याच तासाला उभं राहावं लागतं. पोट खरंच दुखत होतं तिचं. उपाय काय निघाला? त्या वर्गाची वही मंगळवारी तपासायची, बस्स. पोटदुखी पंधरा दिवसांत गेली. त्यात माझं कौशल्य काही नव्हतं, मी फक्त घाई केली नव्हती. पण हे शिकता येत असेल तर शिकावं, असं मात्र तेव्हा डोक्यात बसलं.

मग नोकरी करत मानसशास्त्रात एम.ए. केलं, त्यानंतर समुपदेशनाची पदविका. नैराश्याची लक्षणं शिकवली त्या तासाला मी वहीत काही लिहिलं नाही. झोप पहाटे मोडणं, भूक जाणं, कशात रस न वाटणं, बोलणं मंदावणं; यादी आमच्या ओट्यावर बसलेली मी रोज बघितली होती. वडील तोवर गेले होते.

म्हणजे तुमचं शिक्षण पुरेसं आहे, असं कशावरून?

हा प्रश्न विचारणारी माणसं मला आवडतात. कमी जण विचारतात.

'समुपदेशक' अशी पाटी लावायला आपल्याकडे प्रत्यक्षात अजून फारशी आडकाठी नाही. दोन दिवसांचं शिबिर करूनही लोक लावतात. म्हणून कुणाकडेही जाताना सरळ विचारा: पदवी कोणती, प्रत्यक्ष सराव कुणाच्या देखरेखीखाली केला, आणि तुम्हाला अडलं तर तुम्ही कुणाला विचारता? तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. पदविकेनंतर दोन वर्षं मी महिन्यातून एका शनिवारी सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला जात असे, ज्येष्ठ मानसोपचारकांसमोर माझ्या केसेस मांडायला, अर्थात नाव-गाव काढून. अजूनही महिन्यातून एकदा ऑनलाइन मांडते. पहिल्या वर्षी मी भेटीत किती बोलते ते त्यांनी मोजून दाखवलं होतं. निम्म्यापेक्षा जास्त वेळ मीच! शिक्षिकेची खोड. अजून पूर्ण गेलेली नाही, तुम्ही आलात तर कळेलच.

"खात्रीने बरं करतो", "तीन भेटींत गुण" असं कुणी म्हणालं, किंवा तुमच्या आधीच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या, तर तिथून उठून या.

तुम्ही कोणत्या पद्धतीने काम करता?

मुख्यतः विवेकनिष्ठ मानसोपचार. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५च्या सुमारास ही पद्धत मांडली. महाराष्ट्रात ती बऱ्यापैकी रुजली आहे, कदाचित आपल्याला युक्तिवाद आवडतो म्हणून. तिचं सूत्र असं: प्रसंगामुळे थेट त्रास होत नाही, प्रसंग आणि त्रास यांच्यामध्ये आपली एक समजूत उभी असते.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखानदाराचं उदाहरण घ्या. माल परत आला. हा प्रसंग. तीन रात्री झोप नाही, फोन उचलत नाही, बायकोवर खेकसतो. हा परिणाम. मध्ये काय आहे? तो म्हणाला, "नुकसानीचं टेन्शन." नुकसान किती, असं विचारलं तर आकडा सांगितला, आणि आकडा काही बुडवणारा नव्हता. मग तिसऱ्या भेटीत निघालं: "आमच्या आजोबांपासून माल परत आलेला नाही. माझ्या हातून असं व्हायलाच नको होतं. झालं म्हणजे मी नालायक." बघा, माल परत येणं आणि माणूस नालायक असणं यात केवढं अंतर आहे, आणि ते त्याने एका रात्रीत, कुणाला न विचारता ओलांडलं होतं.

इथे मी "पॉझिटिव्ह विचार करा" म्हणत नाही. माल परत आला यात पॉझिटिव्ह काय आहे, कपाळ? वाईट वाटणारच, काळजी वाटणारच, आणि ती वाटायला हवी, कारण काळजी वाटली तर माणूस रंग का उतरला ते शोधतो. पण "मी नालायक" हे धरून बसला तर फोनसुद्धा उचलत नाही. काळजी आणि चिंता यांतला फरक हा असा असतो. एक हात-पाय हलवते, दुसरी गोठवते. त्या "व्हायलाच नको होतं" मधल्या 'च'शी आम्ही चार भेटी भांडलो.

सगळ्यांना हे चालत नाही. नैराश्यात पार खचलेल्या माणसाशी समजुतींवर वाद घालणं हा क्रूरपणा आहे. तिथे आधी वागणं, मग विचार. बरं वाटलं की फिरायला जाईन, असं तो म्हणतो. आम्ही उलटं करतो: आधी सकाळी सिद्धेश्वर तलावापर्यंत जाऊन यायचं, बरं वाटो न वाटो. परत आल्यावर वहीत शून्य ते दहा असा आकडा लिहायचा. पहिला आठवडा एक, एक, दोन, एक. चालतं.

आणि नुकतंच माणूस गेलेल्या घरातून कुणी आलं तर मी कोणतीच पद्धत बाहेर काढत नाही. ऐकते.

छातीत धडधडतं, हात बधिर होतात, मरतो की काय वाटतं. ईसीजी नॉर्मल आला. आता मनाचं म्हणतात. म्हणजे मी नाटक करतोय का?

अजिबात नाही. धडधड खरी, मुंग्या खऱ्या, भीतीही खरी. आधी डॉक्टरांना दाखवलंत हे योग्यच केलंत, ते न करता माझ्याकडे येऊ नका.

होतं काय, तर शरीराची धोक्याची घंटा धोका नसताना वाजते. अॅड्रेनालिन सुटतं, हृदय जोरात पळतं, श्वास भराभर होतो. भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यानेच बोटांना, ओठांना मुंग्या येतात, गरगरतं. मुंग्या आल्या की वाटतं, झालं, अॅटॅक आला. त्या भीतीने श्वास आणखी वाढतो. हे साधारण दहा मिनिटांत टोकाला जाऊन ओसरू लागतं, कारण शरीर तो जोर फार वेळ टिकवू शकत नाही.

खरी गडबड नंतर सुरू होते. एक ताई अक्कलकोटला निघाल्या असताना एसटीत असं झालं. त्यांनी एसटी सोडली. मग सिटी बस सोडली, मग रिक्षा, मग एकटीने जिना उतरणं. प्रत्येक टाळण्याने तेवढ्यापुरतं हायसं वाटतं आणि भीती एक पायरी मोठी होते. आम्ही तीच शिडी उलटी उतरलो. आधी नुसतं स्टँडवर जाऊन पंधरा मिनिटं बाकावर बसणं, मग उभ्या बसमध्ये चढून उतरणं, मग सात रस्त्यापर्यंत, मग पुढे. धडधड झाली तरी उतरायचं नाही, ती ओसरेपर्यंत थांबायचं. अडीच महिन्यांनी त्या एकट्या अक्कलकोटला जाऊन आल्या. प्रसाद आणला होता. भेटवस्तू मी घेत नाही, प्रसादाला नाही कसं म्हणणार?

मी सांगितलेलं बाहेर जाणार नाही ना? सोलापूर एवढुसं आहे.

खरंय. इथे दोन माणसं भेटली की तिसऱ्या वाक्यात पाहुणे निघतात. म्हणून हे मी फार काटेकोरपणे पाळते.

दोन भेटींमध्ये वीस मिनिटं मोकळी ठेवते, म्हणजे जिन्यात कुणाची गाठ पडू नये. पाटीवर फक्त माझं नाव आहे, काम लिहिलेलं नाही. नवी पेठेत समोरासमोर आलो तर मी आधी ओळख दाखवणार नाही. तुम्ही हसलात तर हसेन, नाही तर पुढे जाईन, राग मानू नका. माझे नातेवाईक आणि शेजारी यांना मी घेत नाही, दुसऱ्याचं नाव सुचवते. नवरा-बायको वेगवेगळे आले तर एकाचं दुसऱ्याला सांगत नाही, आणि "ती काय म्हणाली?" हा फोन आला तर मी फक्त "त्यांनाच विचारा" म्हणते. यावरून दोन घरांनी माझ्याशी बोलणं टाकलंय.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २०१८च्या मे महिन्यात लागू झाला. मानसिक आजाराच्या उपचारातली माहिती गोपनीय राहणं हा त्यात रुग्णाचा हक्क मानला आहे.

पण तीन ठिकाणी मी गप्प बसणार नाही, आणि हे मी पहिल्याच भेटीत सांगते. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला तर. लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं तर. पोक्सो कायदा, २०१२ प्रमाणे ते कळवणं कुणावरही बंधनकारक आहे. आणि न्यायालयाने आदेश दिला तर. पहिल्या प्रकारात शक्यतो तुम्हाला सांगून, तुमच्याच समोर फोन करते.

पहिल्या भेटीत काय होतं?

पाणी देते. मग विचारते, आज यावंसं का वाटलं? त्रास दोन वर्षांचा असतो, पण माणूस आजच आलेला असतो, त्यात बरंच काही असतं. झोप, भूक, कामधंदा, घरात कोण कोण, आधीचे आजार, गोळ्या विचारते. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन तपासलंय का, हेही विचारते, कारण थायरॉइड मंदावलं तरी माणूस नैराश्यासारखाच दिसतो आणि तिथे माझ्या बोलण्याने काही होणार नाही.

रडू आलं तर येऊ द्या. पुरुषांनाही येतं, आणि ते बहुधा "डोळ्यात काहीतरी गेलं" म्हणतात. मीही मान डोलावते.

किती भेटी लागतात? फी किती?

एखादा निर्णय घ्यायचा असेल तर दोन-तीन. भीती, चिंता, चिडचिड यांसाठी साधारण आठ ते बारा, आठवड्याला एक. चौथ्या-पाचव्या भेटीला आपण दोघं बसून बघतो की फरक पडतोय का. नसेल तर मी पद्धत बदलते किंवा दुसऱ्याकडे पाठवते.

पन्नास मिनिटांचे सहाशे रुपये. बुधवारी दुपारी विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या घरातल्यांसाठी शंभर. पूर्वी ते मोफत ठेवलं होतं, तर बायका संकोचाने दुसऱ्यांदा येईनात. शंभर केल्यापासून हक्काने येतात, वेळेवर येतात, आणि मी उशीर केला तर ऐकवतातही.

भेट रद्द करायची तर आदल्या दिवशी कळवा. "आज पाणी येणार आहे" हे कारण मात्र मी ऐनवेळीही मान्य करते. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात राहते मी, मलाही कळतं.

तुम्ही नुसतं ऐकता की सांगताही काही? घटस्फोट घ्यावा की नको, हे सांगाल का?

नाही सांगणार. त्या घरात राहायचं तुम्हाला आहे. पण मारहाण होत असेल तर मात्र मी तटस्थ नाही. तिथे आधी सुरक्षितता, कायद्याची मदत, मग बाकीचं.

गोळ्यांची सवय लागते म्हणतात. समुपदेशनावर भागणार नाही का?

सौम्य त्रासात भागतं. मध्यम आणि तीव्र नैराश्यात बहुधा दोन्ही लागतात, आणि स्किझोफ्रेनिया, बायपोलर अशा आजारांत औषध हाच पाया असतो.

नैराश्यावरच्या गोळ्या आणि झोपेच्या गोळ्या एक नव्हेत, लोक तिथे गल्लत करतात. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते, म्हणून डॉक्टर त्या थोडे दिवसच देतात. नैराश्याच्या गोळ्यांची तशी तलफ लागत नाही, पण एकदम बंद केल्या तर त्रास होतो, त्या डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने कमी करायच्या असतात. गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्त लागतात. आणि आपली माणसं आठव्या दिवशी म्हणतात, "काही फरक नाही", गोळी बंद.

खर्चाची अडचण असेल तर सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी आहे, तिथे जा. रांग असते, पण डॉक्टर असतात.

आमच्या घरात हे बाहेरचं आहे असं मानतात. आधी गाणगापूर करायचं म्हणतात.

करा. मी देवाच्या आड येत नाही. दर्शनाने, वारीने, भजनाने कित्येकांना खरोखर आधार मिळतो, मी पाहिलंय. फक्त दोन गोष्टी. गोळ्यांची पिशवी बरोबर न्या, उपासाच्या दिवशीसुद्धा गोळी घ्या. आणि कुणी मारून, कोंडून, मिरचीची धुरी देऊन भूत उतरवतो म्हणाला तर घरचं माणूस त्याच्या हाती देऊ नका. महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे, आणि मानसिक आजारी माणसाला साखळीने बांधायला २०१७च्या कायद्यात बंदी आहे.

सासूबाईंना पटवायचं असेल तर भांडू नका. "दोन्ही करू, देवाचंही आणि डॉक्टरांचंही" म्हणा. आजवर या वाक्याला नाही म्हणणारी सासू मी बघितलेली नाही.

नवरा दारू पितो. त्याला घेऊन येऊ का? तो येत नाही.

मग तुम्ही या. दारूच्या घरात पिणाऱ्याइतकीच बाकीच्यांची झोप गेलेली असते, आणि त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. त्याचं कर्ज फेडणं, मालकाला फोन करून "ताप आलाय" सांगणं, हे तुम्ही प्रेमाने करता, आणि त्याने पिणं सोपं होतं. हे ऐकायला कडू आहे, म्हणून मी पहिल्या भेटीत सांगत नाही, इथे लिहून ठेवते.

एक धोका लक्षात ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरात कोंडून एकदम बंद करू नका. दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायची. पुढे राहून उपचार घ्यायचे असतील तर पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६पासून हेच काम करतंय. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या गटाच्या सभाही असतात आणि कुटुंबीयांसाठी अल-अॅनॉन असतं.

मुलगा नीटसाठी लातूरला ठेवलाय. फोनवर बोलत नाही, "हो-नाही" एवढंच. काळजी करावी का?

फोनवर तुम्ही काय विचारता ते आधी सांगा. "टेस्टला किती पडले?" हेच पहिलं वाक्य असेल तर मीही हो-नाहीच केलं असतं.

आठ दिवस मार्कांचा विषय काढू नका. मेसचं जेवण कसं आहे, खोलीवरचा मुलगा कुठला, एवढंच. शेंगा चटणी आणि कडक भाकरीचा डबा पाठवून द्या. तरी गप्पच राहिला, झोप-जेवण बिघडलं, "माझ्यामुळे तुमचा पैसा वाया चाललाय" असं बोलू लागला, तर सुट्टीची वाट बघू नका, गाडी पकडून जा. वाया जाण्याची, ओझं होण्याची भाषा मी फार गांभीर्याने घेते.

अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते. पण मुलाने सांगितलेलं सगळं पालकांना सांगितलं जाईल, असं नाही, तेही आधी मान्य करून घेते.

मरावंसं वाटतं. हे कुणाला सांगू?

आत्ता वाटत असेल तर हे पान वाचत बसू नका. १४४१६ लावा. टेलिमानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा आहे, ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे, चोवीस तास, मराठीतूनही बोलतात. किंवा शेजारच्या खोलीत जे कुणी आहे त्यांना उठवा आणि एवढंच म्हणा, "मला एकटं सोडू नका." मी रात्री फोन उचलेनच असं वचन देऊ शकत नाही, म्हणून माझा नंबर या कामासाठी धरू नका.

घरच्यांसाठी: विचारल्याने डोक्यात विचार भरवला जातो, हा गैरसमज आहे. सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" बहुतेक वेळा उत्तराआधी एक मोठा श्वास ऐकू येतो, सुटल्यासारखा. द्राक्ष-डाळिंबाच्या घरात फवारणीची औषधं असतात, ती त्याच दिवशी शेजाऱ्याकडे किंवा कुलपात हलवा. ती लाट बऱ्याचदा काही तासांत ओसरते, तेवढा वेळ हाताशी काही नसणं यानेच जीव वाचतात. आणि पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका. प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच २०१७च्या कायद्याने गृहीत धरलं आहे, त्याला शिक्षेऐवजी उपचार मिळावेत यासाठी.

बाळंतीण सारखी रडते. माहेरच्या आठवणीने असेल ना?

पहिले दहा-पंधरा दिवस असेल, संप्रेरकं उतरतात, झोप नसते. दोन आठवड्यांनंतरही चालू राहिलं, बाळाकडे बघवेना, किंवा भलतंसलतं बोलू लागली, तर डॉक्टर. सव्वा महिना संपायची वाट पाहायची नाही.

मराठी नीट येत नाही, आमच्या घरात तेलुगू बोलतात. चालेल?

मला तेलुगू समजतं, बोलते तुटकं. पूर्व भागातल्या शाळेत चौदा वर्षं काढल्यावर तेवढं यायलाच हवं. कन्नड कामापुरतं. पण माणूस रडतो आणि भांडतो आपल्याच भाषेत, म्हणून मी सांगते, तुम्ही तेलुगूतच बोला, अडलं तर मी थांबवून विचारेन. सगळं अडलंच तर तेलुगू भाषक सहकारी आहे, तिच्याकडे पाठवते. लेकीला दुभाषी म्हणून आणू नका. आईचं काही ऐकायचं लेकीचं वय नसतं.

तुम्हाला स्वतःला त्रास होत नाही का, दिवसभर दुसऱ्यांची दुःखं ऐकून?

होतो. दिवसाला पाचपेक्षा जास्त माणसं घेत नाही. संध्याकाळी घरी गेल्यावर अर्धा तास कुणाशी बोलत नाही, घरच्यांना सवय झालीय. दोनदा मी स्वतः समुपदेशन घेतलंय, एकदा आई गेल्यावर. तेव्हा मीही पहिल्या भेटीत पन्नासपैकी चाळीस मिनिटं हवापाण्यावर बोलले होते.

कधी भेटता?

सोमवार ते शुक्रवार, सकाळी अकरा ते दोन आणि साडेचार ते साडेसात. एप्रिल-मेमध्ये दुपारच्या उन्हात कुणालाच बोलावत नाही, तेव्हा सकाळी आठपासून. गड्ड्याच्या यात्रेत, संक्रांतीच्या आसपास होम मैदानाकडचे रस्ते बंद असतात, त्या चार-पाच दिवसांत फोनवर किंवा व्हिडिओवर बोलू. व्हिडिओसाठी एकच अट: खोलीचं दार लावता यावं. घरात ते शक्य नसेल तर गच्चीवर जा, उभ्या गाडीत बसा. एक दादा कारखान्यातल्या सुताच्या गोदामात, बाचक्यांच्या मागे बसून बोलायचे. मागे माग चालू असायचे, म्हणून त्यांचं निम्मं मला दोनदा विचारावं लागायचं.